कॉस्ट बसली, हिशेब बसला नाही

'दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा.'

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर, सहीच्या जरासं वर, हे वाक्य बसलेलं असतं. त्याआधीची चाळीस पानं न्यायाधीशांनी मान मोडून लिहिलेली असतात. कोणता दस्त मागाहून तयार झाला, कोणता साक्षीदार उलटतपासात कसा घसरला, प्रतिवादीने कुठे कुठे थापा मारल्या, सगळं मुद्देसूद. चाळीस पानं प्रतिवादी खोटारडा ठरतो आणि एकेचाळिसाव्या पानावर त्याला बक्षीस मिळतं. बारा वर्षं ज्याने समोरच्याला नाचवलं, त्या नाचाचं बिल नाचणाऱ्यानेच भरायचं.

बरं, कायदा असं सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ३५ काढून बघा. खर्च कुणी द्यायचा, कशातून द्यायचा आणि किती द्यायचा, हे ठरवायचा पूर्ण अधिकार कोर्टाला आहे. आणि हरणाऱ्यावर खर्च टाकायचा नसेल, तर तसं का, याची कारणं कोर्टाने लेखी द्यायची आहेत. म्हणजे खर्च बसवणं हा नियम, माफी हा अपवाद, आणि अपवादाला कारण हवं. आपण काय केलं? अपवादाचा नियम केला आणि कारणाच्या जागी 'प्रकरणाची एकूण परिस्थिती पाहता' एवढे शब्द टाकले. ही एकूण परिस्थिती नेमकी कोणती, हे कोणत्याही परिस्थितीत सांगायचं नाही, असा प्रघात आहे.

खांबसारख्या गावात याचा अर्थ काय होतो ते बघा. नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड उतरलात की कोलाडच्या अलीकडे आमचं खांब लागतं. तालुका रोहा, दिवाणी कोर्ट रोह्याला, जिल्हा न्यायालय अलिबागला. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली निघालं, त्यात आमचा पट्टा आला. (त्या कामाच्या उशिराची कॉस्ट कुणावर किती बसली, हे कृपया विचारू नये.) रस्ता आला तसा जमिनीला भाव आला, आणि भाव आला तसे भाऊ जागे झाले.

समजा, असेच दोन भाऊ. वाटणी आजोबांच्या काळात तोंडी झालेली, सातबारा सामाईक, बांध दरवर्षी थोडाथोडा सरकणारा. रस्त्यालगतचा तुकडा थोरल्याच्या ताब्यात. धाकट्याने, म्हणजे आपल्या तात्यांनी, रोह्याला वाटपाचा दावा लावला. समन्स निघालं. बेलिफ आला तेव्हा थोरला नेमका मुंबईला मुलीकडे. दुसऱ्या वेळी बेलिफ आला तेव्हा थोरला नेमका आजारी. तिसऱ्या वेळी समन्स दाराला चिकटवलं, तर म्हणे वाऱ्याने उडालं. कैफियत तीस दिवसांत द्यायची, फार तर नव्वद, असं कायदा म्हणतो. थोरल्याने दोन वर्षं दिली नाही. कोर्टाने 'विना कैफियत' हुकूम केला. मग थोरला जागा झाला, अर्ज आला, हुकूम रद्द झाला. अट एकच: एक हजार रुपये कॉस्ट.

कोर्टाच्या व्हरांड्यात, खांबाला टेकून झालेलं संभाषण असं असतं.

"वकीलसाहेब, म्हणजे दोन वर्षं फुकट गेली?"

"फुकट कशी, तात्या? कॉस्ट बसवली ना त्याच्यावर."

"किती?"

"हजार."

"ते मला मिळणार?"

"मिळतील. पण घेऊ नका."

"ते का आता?"

"घेतलेत तर हुकूम मान्य केला, असं उद्या तेच म्हणतील. वर जायचं झालं तर अडचण होते. घ्यायचेच तर हरकत नोंदवून घेऊ."

तात्यांनी दोन वर्षं घालवून हजार रुपये मिळवले आणि तेही घ्यायची चोरी. उलट थोरल्याचा हिशेब बघा. हजार रुपयांत चोवीस महिने. रस्त्याला लागून असलेली जमीन महिना बेचाळीस रुपये भाड्याने रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. याच भावात मुदत मिळत असेल तर थोरला वाटणीला उभा राहील कशाला? तो मूर्ख आहे का?

यापुढे तारखा. कायदा म्हणतो, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत. तीनचा पाढा आपल्याकडे दहाच्या पुढेही जातो. मुदत अर्ज आला की त्यावर 'कॉस्ट दोनशे रुपये देण्याच्या अटीवर मंजूर' असा शेरा पडतो. आता हे दोनशे कुठून आले? खांबहून निघून, मिनीडोअर बदलत रोह्याला पोचायचं. त्या दिवसाचं काम बुडलं, आपलंही आणि सोबत आणलेल्या साक्षीदाराचंही. वकिलांचं त्या दिवसाचं, झेरॉक्सवाल्याचं, टायपिंगचं. साक्षीदाराचा भत्ता कायद्याने ठरलेला आहे, पण भत्त्याने साक्षीदार येत नाही, जेवणाने येतो, आणि जेवणाची पावती कोर्टात चालत नाही. हे सगळं करून साडेअकराला पुकारा होतो, 'प्रतिवादीचे वकील अलिबागला आहेत' असं कुणीतरी ज्युनिअर सांगतो, आणि तात्या परत.

आणि गंमत अशी की याच प्रसंगासाठी संहितेत स्वतंत्र कलम आहे. ३५ब, १९७६ साली घातलेलं. ते म्हणतं, ठरल्या दिवशी जे करायचं ते न करता मुदत मागणाऱ्यावर इतकी कॉस्ट बसवता येते, की समोरच्याचा त्या दिवशी कोर्टात येण्याचा खर्च वाजवीपणे भरून निघावा. आणि ती भरेपर्यंत त्या पक्षकाराला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. म्हणजे आकडा कसा काढायचा, हे कलमातच लिहिलं आहे: समोरच्याला विचारा, बाबा रे, आज यायला तुला काय पडलं? एवढा एक प्रश्न. मी रोह्याला, पेणला, अलिबागला कोर्टाच्या बाकांवर बराच वेळ काढलेला माणूस आहे. हा प्रश्न माझ्या कानावर तरी पडलेला नाही.

दावा संपला की हुकूमनामा निघतो आणि त्याच्या पायथ्याशी खर्चाचा तक्ता येतो. डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी. दाव्यावरचा स्टँप. वकीलपत्रावरचा स्टँप. दस्तऐवजांवरचा स्टँप. वकील फी. साक्षीदारांचा भत्ता. कमिशनर फी. समन्स बजावणी. एकूण. हा नमुना १९०८ च्या संहितेच्या परिशिष्टात छापलेला आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. त्यातली वकील फी म्हणजे वकिलाने घेतलेली फी नव्हे. ती नियमांच्या कोष्टकातली फी. त्या फीत तुमचा वकील पुकाऱ्याला खुर्चीतून उठला तरी त्याचे आभार मानायला हवेत. १९७६ च्या दुरुस्तीत नोटिशीचा, टायपिंगचा, नकलांचा खर्चही धरता येईल अशी सोय झाली. धरतो कोण? मागतो कोण? तक्ता भरणारा क्लार्क समोर असलेल्या स्टँपांची बेरीज करतो आणि मोकळा होतो. त्याचा काय दोष? स्टँप दिसतात, बुडालेले दिवस दिसत नाहीत.

ही झाली मोजलेली कॉस्ट. ती कवडीमोल असते, हे न्यायाधीशांनाही ठाऊक असतं. म्हणून मग दुसरी जात निघाली: एकरकमी कॉस्ट. तक्ता बाजूला ठेवायचा आणि एक आकडा ठोकून द्यायचा. वरच्या कोर्टांत तर हीच चाल. हे आकडे जरा रांगेत मांडून बघा.

१९७७ साली दिल्लीत सुरू झालेला भावाभावांच्या मालमत्तेचा दावा. नाना प्रकारचे अर्ज करकरून तो तीन दशकांवर रखडवला गेला. उच्च न्यायालयाने पंच्याहत्तर हजार कॉस्ट बसवली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. दलवीर भंडारी यांच्या पीठाने त्यावर आणखी दोन लाख चढवले, आणि खोट्या दाव्यांनी फायदा होता कामा नये म्हणून खणखणीत चार शब्द सुनावले. ऑगस्ट २०१८, मुंबई उच्च न्यायालय, न्या. काथावाला: गॅल्फा नावाच्या औषध कंपनीने ग्लेनमार्कच्या मलमाच्या नावाची आणि वेष्टनाची नक्कल केली म्हणून दीड कोटी. जून २०२१, दिल्ली उच्च न्यायालय: जुही चावला यांचा ५जीविरुद्धचा दावा फेटाळून वीस लाख. जानेवारी २०२२, तेच न्यायालय, दोन न्यायाधीशांचं पीठ: वीसचे दोन लाख.

पंच्याहत्तर हजार, दोन लाख, दीड कोटी, वीस लाख, पुन्हा दोन लाख. खालच्या कोर्टात दोनशे, पाचशे, हजार. सगळे आकडे कसे गोल गोल, गुळगुळीत. सात हजार तीनशे चाळीस अशी कॉस्ट कधी ऐकलीत? नाही ऐकणार. कारण सात हजार तीनशे चाळीस यायला कुणीतरी बेरीज करावी लागते. गोल आकडा बेरजेतून येत नाही, मनातून येतो. आणि जो आकडा मनातून आला, तो वरच्या कोर्टाच्या मनात आलं की बदलतो. वीस लाखांचे दोन लाख होताना एक शून्य गळालं. कुठली वजाबाकी झाली म्हणून गळालं, हे शोधायला जाऊ नका. बेरीजच नव्हती, तर वजाबाकी कुठली?

यात एक आकडा मात्र वेगळा आहे. पंचेचाळीस लाख अठ्ठावीस हजार. दिल्लीतल्याच एका भाडेकरूच्या वादात तिथल्या उच्च न्यायालयाने हरलेल्या पक्षावर ही कॉस्ट बसवली होती. आकडा बघूनच कळतं, इथे कुणीतरी बसून हिशेब केलाय. केलाच होता: जिंकलेल्या बाजूने वकिलांच्या फीचं पत्रक दिलं, कोर्टाने ते मान्य केलं, प्रत्यक्ष झालेला खर्च पदरात घातला. आपल्या माहितीतली ही मोजूनमापून दिलेली एकमेव भारदस्त कॉस्ट. तिचं काय झालं? २०११ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रत्यक्ष खर्च म्हणून वाटेल ते देता येत नाही, नियमांच्या चौकटीत बसेल तेवढंच द्या. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, नियमच तसे होते. पण खांबच्या तात्यांनी यातून काय शिकायचं? अंदाजाने दिलेली कॉस्ट कमी होऊन का होईना टिकते आणि मोजून दिलेली उडते.

त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने हळहळ व्यक्त केली. नियम बदला म्हटलं. २००५ साली सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणातही म्हटलं होतं: कॉस्ट म्हणजे प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च, त्यात जिंकलेल्या पक्षकाराचा गेलेला वेळ, प्रवास, मुक्काम, वकिलाची फी, टायपिंग, सगळं यावं, उच्च न्यायालयांनी तसे नियम करावेत. २०१२ साली विधी आयोगाने फक्त दिवाणी दाव्यांच्या खर्चावर एक अहवाल दिला, क्रमांक २४०. २०१४ साली सहारा प्रकरणात पुन्हा सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सक्तीच्या खर्चाची संहिताच करा. सगळ्यात वरचं कोर्ट 'करा' म्हणतं आणि व्हरांड्यातल्या मुदत अर्जावर दोनशे रुपयेच लिहिले जातात.

खोटा दावा किंवा खोटा बचाव केलात तर वेगळी शिक्षा आहे हो. कलम ३५अ. १९२२ साली आलं, तेव्हा कमाल भरपाई एक हजार. १९७६ साली ती तीन हजार झाली. त्या वर्षी तीन हजारांत पाच तोळे सोनं सहज यायचं. सोनं कुठल्या कुठे गेलं, कलम तिथेच आहे. एक लाख तरी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या पंचेचाळीस लाखांच्या निकालात सुचवलं होतं. आज बारा वर्षं खोटं बोलून दुसऱ्याची जमीन अडवणाऱ्याला तात्यांच्या दाव्यात जास्तीत जास्त तीन हजारांचा दणका बसतो. तोही तो खोटं बोलत होता, आणि आपण खोटं बोलतोय हे त्याला ठाऊक होतं, एवढं सिद्ध झाल्यावर. रोह्यात एवढ्या पैशांत एखादं बारसंही होत नाही.

'तात्यांच्या दाव्यात' असं मी मुद्दाम म्हणतोय. कारण याच देशात दुसऱ्या एका वर्गासाठी हे सगळं २०१५ सालीच सुधारलं. व्यापारी न्यायालयांचा कायदा आला आणि त्याच्यापुरतं कलम ३५ नव्याने लिहिलं गेलं. हरणारा खर्च देईल, हा सर्वसाधारण नियम, स्पष्ट शब्दांत. कॉस्ट ठरवताना काय काय बघायचं त्याची यादी: पक्षकार वागला कसा, काही मुद्द्यांवर तरी जिंकला का, निव्वळ वेळ काढायला उलटा दावा लावला का, आणि हे तर फारच सुंदर, समोरून तडजोडीचा वाजवी प्रस्ताव आला असताना तो उगाच धुडकावला का. तीन हजारांची मर्यादाही तिथे काढून टाकली. २०१८ पासून तीन लाख किंवा त्यावरचा व्यापारी वाद असला की हे सगळं लागू. मलमाच्या ट्यूबवरून दीड कोटी बसू शकले ते याच हवेत.

थोडक्यात, व्यापाऱ्याच्या वेळेला किंमत आहे, हे संसदेला पटलं. तात्यांच्या वेळेचा प्रश्न अजून पटलावर आलेला नाही. दोन भावांमधल्या थोरल्याला गावच्या चार माणसांनी दहा वेळा समजावलं, अरे अर्धा तुकडा दे आणि मिटव. त्याने दहा वेळा नाही म्हटलं. मलमवाला असता तर ते 'नाही' त्याच्या खात्यावर चढलं असतं. वाटपाच्या दाव्यात ते न्यायाधीशांच्या कानावरसुद्धा जात नाही. घरातलं भांडण आहे, कटुता वाढू नये, म्हणून खर्च ज्याचा त्याने. कटुता! एकमेकांच्या दारातला नारळ न फोडणारी माणसं ही. कॉस्ट न बसवून त्यांच्यात गोडवा येणार आहे?

आपल्याच जिल्ह्यातला एक जुना दावा बघा, म्हणजे हा प्रकार केवढा महाग पडतो ते कळेल. याच रस्त्याने खाली महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. तिच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, गावातल्या सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला: तळं खासगी आहे, अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची आमची पूर्वापार वहिवाट आहे. १४ तारखेला तात्पुरती ताकीद मिळाली. परिषद भरली, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण कोर्टाचा मान राखून हजारो माणसं तळ्याचं पाणी न घेता परतली. ताकीद पुढे उठली, दावा मात्र चालत राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टात वादी हरले. ठाण्याला अपील, १९३३ मध्ये तिथेही हरले. मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफिल्ड आणि न्या. वाडिया यांनी सांगितलं, अशी पूर्वापार वहिवाट सिद्ध झालेली नाही. वादी तिन्ही पायऱ्यांवर हरले.

हरले म्हणजे काय झालं त्यांचं? जे हवं होतं ते त्यांना १४ डिसेंबर १९२७ लाच मिळालं होतं. ऐन परिषदेच्या तोंडावर तळं अडवायचं होतं, अडवलं. नंतरची नऊ वर्षं ही फक्त निकालाची वाट. खर्चाच्या तक्त्यात स्टँपाला रकाना आहे, समन्साला आहे, 'परत फिरलेली माणसं' असा रकाना नाही. आज कलम ९५ आहे: अपुऱ्या कारणावर ताकीद घेतली असं दिसलं तर समोरच्याला पन्नास हजारांपर्यंत भरपाई देता येते. पुन्हा गोल आकडा, आणि पुन्हा तोच प्रश्न, मागतो कोण?

आता उलट बाजूही बोलायला हवी, नाहीतर एखादा वकीलमित्र म्हणेल, कॉस्ट वाढवा म्हणणं सोपं आहे. खरं आहे. कॉस्ट फार चढली तर गरीब माणूस कोर्टात यायलाच घाबरेल. जमीनदार नाही घाबरणार, कूळ घाबरेल. बिल्डर नाही, सोसायटीतली एकटी म्हातारी. दिल्ली उच्च न्यायालयाने एकदा वादीकडून लिहून मागितलं होतं की दावा हरलास तर पंचवीस लाख देशील. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ते उडवलं, आणि योग्यच केलं. खरा दावा लावणाऱ्याला धडकी भरेल इतकी कॉस्ट नको आणि खोट्याला हसू येईल इतकीही नको, असा त्या निकालाचा मथितार्थ. म्हणूनच मोजायला हवं. मोजलेला खर्च कुणाला चिरडत नाही, तो जेवढा झाला तेवढाच असतो. चिरडतो तो रागाच्या भरात ठोकलेला गोल आकडा. न्यायाधीश चिडले तर वीस लाख, न्यायाधीशांना दया आली तर ज्याचा त्याने. या दोन्हींत तात्यांचा खर्च कुठेच नाही.

शिवाय चिडून बसवलेली कॉस्ट बरेचदा जाते कुठे? विधी सेवा प्राधिकरणाला, कुठल्या तरी निधीला. ते दीड कोटी केरळच्या मुख्यमंत्री निधीत गेले, तिथे पूर आला होता, आनंद आहे. पण दावा काही केरळने लावला नव्हता. ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात पैसे पडायचे, हा कॉस्टचा मूळ धर्म. दानधर्म करायचाच तर तो तात्यांना करू द्या, आपल्या पैशाने.

एकरकमी कॉस्ट म्हणजेच वाईट, असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने २०१६ पासून एकरकमी कॉस्टलाच पसंती दिली आहे. कारण साधं: एकेका पावतीवर भांडत बसलं तर खर्च मोजण्याचाच खर्च वाढतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण तिथे आकडा हवेतून येत नाही. जिंकलेला पक्ष आपल्या खर्चाचा गोषवारा प्रतिज्ञापत्रावर देतो, समोरचा काय जास्त आहे ते सांगतो, आणि न्यायाधीश ढोबळ हाताने काट मारून रक्कम ठरवतात. इंग्लंडात एका दिवसाच्या आतली सुनावणी असेल तर दोन्ही बाजूंनी आपापल्या खर्चाचं पत्रक चोवीस तास आधीच कोर्टात द्यायचं असतं. सुनावणी संपली की तिथल्या तिथे आकडा. ढोबळ हात चालतो, फक्त त्याच्यासमोर कागद हवा.

आणि इथेच आपली सगळ्यांची मेख आहे. न्यायाधीशांना मी इतका वेळ टोचत बसलो, पण त्यांच्यासमोर असतं काय? तात्यांनी बारा वर्षांत किती खर्च केला, याचा एक तरी कागद प्रकरणात असतो का? दाव्याच्या अर्जात शेवटच्या कलमात 'दाव्याचा खर्च प्रतिवादींकडून देवविण्यात यावा' हे वाक्य टायपिस्ट आपल्या आपण टाकतो. युक्तिवाद संपताना त्यावर कुणी एक अवाक्षर काढत नाही. वकिलांना आपली फी लेखी सांगायला संकोच वाटतो; का वाटतो, हे वेगळ्या सदरात लिहिण्याजोगं आहे, आणि ते लिहिल्यावर मला वकील मिळणार नाही. अशिलाला तर खर्च मागता येतो हेच माहीत नसतं. मग न्यायाधीश मनाने आकडा काढतात. दुसरं करतील काय?

म्हणून ज्यांचा दावा सध्या रोह्याला, पेणला, माणगावला, कुठेही चालू आहे, त्यांना एक सांगणं. आजपासून एक वही घाला. तारीख, त्या दिवशी काय झालं, कुणाच्या मुदतीमुळे परत आलो, भाडं किती, वकिलांना किती, नकलांना किती. पावती मिळेल तिथे पावती घ्या. वकिलांकडेही मागा, ते तुमचे शत्रू नाहीत. समोरच्याने मुदत मागितली की त्याच दिवशी आपल्या वकिलांना कलम ३५ब ची आठवण करा आणि त्या दिवसाचा खर्च तोंडी नको, लेखी सांगा. आणि युक्तिवाद संपायच्या आत वहीवरून खर्चाचं एकपानी पत्रक करून नोटरीपुढच्या प्रतिज्ञापत्रासह दाखल करा. कोर्ट ते मान्य करेलच असं नाही. पण मग 'प्रकरणाची एकूण परिस्थिती पाहता' एवढं लिहून भागणार नाही. समोरचा कागद का नाकारला, ते लिहावं लागेल, आणि अपिलात बोट ठेवायला तुम्हाला एक आकडा असेल.

पत्रकाची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. पोच घ्यायला विसरलात, तर तो खर्च ज्याचा त्याने.